पप्पा, अर्जावर कोणाचं नाव लिहू?

पप्पा,

तुम्ही गेलात त्याला आज सव्वीस दिवस झाले आणि मी अजून तुमच्यावर चिडलेलीच आहे. गेलेल्या माणसाला असं लिहू नये, हे मला कळतं. मोठे काका म्हणाले होते, "कॉलेजात शिकतीस, तर पप्पांविषयी चार शब्द लिहून आण. महिन्याच्या श्राद्धाला पाहुणे येतील, वाचून दाखव." मी तीन वेळा सुरुवात केली. तिन्ही वेळा 'शिस्तप्रिय', 'कर्तव्यदक्ष', 'मनमिळाऊ' हेच शब्द आले. कुठल्याही हवालदाराच्या बदलीच्या निरोप समारंभात ते भाषण खपलं असतं. तुम्ही त्यात कुठंच नव्हता. म्हणून तो कागद बाजूला ठेवला आणि हे लिहायला घेतलं. हे पाहुण्यांसमोर वाचता येईल का, मला माहीत नाही.

टेबलावर अजून एक कागद आहे. अनुकंपेचा अर्ज. नोकरीत असताना पोलीस गेला तर त्याच्या घरातल्या एकाला खात्यात घेतात. तो एक कोण, ते घरानं ठरवायचं. घरात आता दोघीच, आई आणि मी. त्यामुळं तेराव्याला जेवणं उरकायच्या आतच सगळ्यांनी ठरवून टाकलं की तो एक म्हणजे मी. क्वार्टर रिकामं करावं लागणार आहे. काका म्हणतात, "यादी मोठी असते, आजच अर्ज टाक. नाव लागलं की कॉलेज सोडून हजर व्हायचं." तेरावं झाल्यावर मी चेन्नईला परत आलेय. इथं संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिसऱ्या वर्षी इथल्या सिरुसेरीच्या आयटी पार्कातल्या कंपन्या मुलं निवडायला येतात. आपल्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेलं दुसरं कोणी नाही, म्हणून हे सोडणं म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगायचं तेही मला कळत नाही. अर्जावर नावाची जागा कोरी आहे. काकांनी पेनसुद्धा देऊन पाठवलंय.

आणि प्रत्येक जण तुमची साक्ष काढतो.

काका म्हणतात, "मला स्वतः म्हणाला होता, पोरीला खात्यातच घालायची, रुबाब असतो." तुमच्याबरोबर वीस वर्षं ड्यूटी केलेले कदमकाका म्हणतात, "छे, ठाण्यात चहा पिताना नेहमी म्हणायचा, माझी पोरगी काय पण करू दे, उन्हात बंदोबस्ताला उभी राहायला नको." आईला विचारलं तर ती म्हणाली, "मला कुठं काय सांगायचे ते?"

तुम्हाला आठवतं का, मी आठवीत असताना आई माहेरी गेली होती आणि तुम्ही रविवारचं मला ठाण्यात घेऊन गेला होता? तुम्ही एका बाईंचा जबाब लिहीत होता. दारातला गॅसचा सिलिंडर चोरीला गेला होता. बाई म्हणाल्या, "शेजारच्या गण्यानंच नेला, सगळी आळी म्हणती." तुम्ही पेन उचलून धरलंत.

"आळीचं आळी सांगेल. तुम्ही काय बघितलं?"

"मी काय बघायचं? मी निजलेली."

"मग तेवढंच लिहितो. निजलेली."

बाई रुसल्या, पण तुम्ही तेच लिहिलंत. मग त्यांना सावकाश वाचून दाखवलंत आणि अंगठा घेतलात. परत येताना स्कूटरवर मला म्हणालात, "ऐकीव कधी लिहायचं नाही. माणूस बोलला ते त्याच्या शब्दात लिहायचं, त्याला वाचून दाखवायचं, तो बरोबर म्हणाला की सही." सगळ्या तालुक्यात तुमच्यासारखा जबाब लिहिणारा नव्हता म्हणतात. हेही ऐकीवच आहे म्हणा. पण माझ्या बाबतीत तुम्हाला काय वाटत होतं, हे तुम्ही स्वतः मला कधी सांगितलं नाहीत. आता माझ्याकडं जे आहे ते सगळं आळीचं आहे. एवढा चांगला जबाब लिहिणारा माणूस स्वतःचा जबाब न देता जातो, याचा मला राग येतो पप्पा.

तुम्ही मला इथं सोडायला आलात तो दिवस मी खूपदा आठवून पाहते. त्यात कुठं काही बोलून गेला होता का, ते शोधते. तिरुवल्लिकेणीतल्या या लेडीज हॉस्टेलात आधी तुम्ही गेटची कडी हलवून बघितलीत. मग वॉचमनकडं आल्यागेल्याचं रजिस्टर मागितलंत. त्याला मराठी येत नव्हतं आणि तुम्हाला तमिळ, पण रजिस्टर त्यानं दिलं. तुम्ही पानं उलटून म्हणालात, "जायची वेळ लिहितात, यायची लिहीत नाहीत." मी लाजेनं बाजूला झाले.

तरी ते काहीच नव्हतं. संध्याकाळी तुम्ही शर्ट झटकून घातलात, तपकिरी बूट पुसलेत, ओळखपत्र खिशात ठेवलंत आणि म्हणालात, "चला मॅडम."

"कुठं?"

"गाव बदललं की आधी ठाण्यात तोंड दाखवायचं."

मला वाटलं तुम्ही चेष्टा करताय. तुम्ही खरंच रस्ता विचारत विचारत ठाण्यात गेलात आणि तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान इन्स्पेक्टरसमोर टाचा जुळवून सावधान उभे राहिलात. "सर, महाराष्ट्रा पोलीस. माय डॉटर. ओन्ली वन." एवढ्या इंग्रजीची तुम्ही गाडीत तयारी केली होती, हे मला तेव्हा कळलं. ते साहेब चांगले होते. हसले, खुर्ची दिली, कॉफी मागवली आणि सेल्वी नावाच्या एका महिला शिपायाला बोलावून माझं नाव आणि नंबर लिहून घ्यायला सांगितलं. बाहेर आल्यावर तुम्ही दीर्घ श्वास सोडलात. "झालं. चार्ज दिला," म्हणालात. जसं काही मी मुद्देमाल होते.

तिथून आपण मरीनाला चालत गेलो. तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा समुद्राकाठी आला होता आणि समुद्राकडं पाठ करून उभे होता. मी म्हटलं, "पप्पा, समुद्र मागं आहे." तुम्ही म्हणालात, "हां हां, बघितला." आणि परत गर्दीकडं बघायला लागलात. बंदोबस्ताची सवय. तोंड गर्दीकडं ठेवायचं. मी पाचवीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात नाचले, तेव्हाही तुम्ही स्टेजसमोर होता, युनिफॉर्ममध्ये, माझ्याकडं पाठ करून. घरी आल्यावर मी विचारलं, कसा झाला नाच? तुम्ही म्हणालात, "लोक टाळ्या वाजवत होते की." मी तेव्हा खूश झाले होते. आता ते आठवलं की मला नक्की काय वाटतं, ते मला नीट लिहिता येत नाही.

त्या ठाण्याच्या भेटीचं पुढं काय झालं, हे तुम्हाला अर्धंच माहीत आहे. सेल्वी अक्का दर महिन्याला हॉस्टेलवर यायला लागल्या. युनिफॉर्ममध्ये. पायरीवर बसायच्या, मला खाली बोलवायच्या, "साप्टियाम्मा?" म्हणजे जेवलीस का बाळ, एवढंच विचारायच्या आणि जायच्या. पहिले तीन महिने मुली गप्प होत्या. मग माझ्या खोलीतल्या कवितानं दार लावून घेऊन विचारलं, "खरं सांग, उन् मेल केस इरुक्का?" तुझ्यावर केस आहे का? मी हसले, पण ती हसली नाही. नंतर वॉर्डननं मला बोलावलं. कॉलेजचं ओळखपत्र परत तपासलं. एका मुलीच्या आईनं मुलीची खोली बदलून घेतली. मी इथं तमिळ शिकत होते, पहिल्यांदाच आपलं आपलं काहीतरी जमवत होते, आणि सगळ्यांच्या नजरेत मी गुन्हेगार होते.

म्हणून गेल्या गणपतीत मी तुम्हाला फोनवर ओरडले. "मी काय जामिनावर सुटलेय का पप्पा? दर महिन्याला हजेरी लावायला?"

तुम्ही म्हणालात, "आपल्या माणसाची ओळख ठाण्यात असलेली बरी असते."

"ते ठाणं तुमचं नाही!"

"कुठलंबी असू दे. ठाणं ते ठाणं."

"मला एवढ्या लांब पाठवायचंच होतं तर मोकळं तरी सोडायचं. नाहीतर ठेवायचं होतं घरात, आईसारखं!"

तुमच्या मागं वायरलेसची खरखर ऐकू येत होती. मग म्हणालात, "दिवाळीत आलीस की बोलू."

दिवाळीत माझी परीक्षा होती. खरं सांगायचं तर दोन दिवस मिळाले असते, मी आले नाही. त्यानंतरही आपण दर आठवड्याला बोललो. "काय मॅडम, हजर?" असं तुम्ही आधी विचारायचा. भांडणानंतर ते बंद झालं, नुसतं "जेवलीस का?" राहिलं. मला वाटायचं, मी जिंकले.

आणि मग तो गुरुवार. प्रॅक्टिकल होतं, फोन कपाटात बंद होता. दुपारी तीनला हॉस्टेलवर आले तर सेल्वी अक्का पायरीवर. त्यांचा दिवस नव्हता तो. मी चिडूनच जवळ गेले. त्या उठून उभ्या राहिल्या आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "अप्पावुक्कु उडंबु सरिइल्ले." वडिलांची तब्येत बरी नाही. मी विचारलं, काय झालंय? परत तेच वाक्य. तिसऱ्यांदा तेच. आणि मला कळलं. कारण तुम्हीच एकदा सांगितलं होतं, की दारात जाऊन 'गेले' असं म्हणायचं नसतं, 'तब्येत जरा बरी नाही, चला' असं म्हणायचं आणि माणसाला त्याच्या माणसांपर्यंत पोचवायचं. निरोप द्यायची तुमच्या खात्याची पद्धत. ती इथंही तीच आहे. यात्रेच्या बंदोबस्तात तुम्ही पडलात, माझा फोन लागला नाही, तेव्हा कदमकाकांनी इथल्या ठाण्याचा नंबर शोधून काढला. तुमच्या डायरीत होता.

सेल्वी अक्कांनी माझी बॅग भरली. सेंट्रल स्टेशनला आणून लेडीज डब्यात बसवलं, टीसीशी बोलल्या, रेल्वे पोलिसांशी बोलल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सोलापूरला खिडकीशी एक अनोळखी पोलीस आला. "हवालदार साहेबांची मुलगी का?" म्हणाला. पुरीभाजीचं पुडकं आणि चहा दिला आणि गाडी हलेपर्यंत तिथंच उभा राहिला. मला त्याच्यावर इतका राग आला पप्पा. आभार मानायला हवे होते, मी पुडकं बाजूच्या बाईंना देऊन टाकलं. तुम्ही बरोबर निघाला होता, म्हणून राग. आणि बरोबर निघालात ते मला सांगायला तुम्ही नव्हता, म्हणूनही. भांडणात आपण चुकलो असं म्हणायला समोर माणूस लागतो.

पण सगळ्यात तुम्ही बरोबर नव्हता, हेही मला लिहू द्या.

अंगणवाडीत मदतनीस घ्यायचे होते तेव्हा आईनं अर्ज आणला होता. मी सहावीत होते, तिथंच भाकरी खात बसले होते. तुम्ही अर्ज बघून घडी घातलीत आणि म्हणालात, "पोलिसाची बायको लोकांच्या पोरांना खिचडी वाढणार?" आई म्हणाली, "बरं." एवढंच. तिनं तो कागद डब्याखाली ठेवायला वापरला. मला चेन्नईला पाठवताना भावकी बोलली, पोरीला एवढ्या लांब? तेव्हा तुम्ही सगळ्यांना गप्प केलंत. मग आईला चौकापर्यंतसुद्धा का जाऊ दिलं नाहीत? हे मी तुम्हाला दिवाळीत विचारणार होते. म्हणजे, आले असते तर विचारलं असतं. कदाचित नसतंही विचारलं.

परवा रविवारी दुपारी आईचा फोन आला. मी हाच अर्ज समोर घेऊन बसले होते आणि ठरवत आणलं होतं, की लिहून टाकावं आपलं नाव. वाद तरी मिटेल.

आई म्हणाली, "ऐक गं, त्या कागदावर माझं नाव चालतं का?"

मला आधी कळलंच नाही. "कसं चालेल?"

"चालतं. मी शुक्रवारी एसटीनं जिल्ह्याला जाऊन आले. हेडक्लार्कला भेटले."

"एकटी?"

"मग काय बंदोबस्त घेऊन जाऊ? पंचेचाळीसच्या आत वय लागतं, माझं त्रेचाळीस आहे. दहावीचा दाखला लागतो, तो पेटीत निघाला. शिपायाची जागा मिळंल म्हणाले, ऑफिसातली. तू फक्त ना-हरकत लिहून पाठवायची."

"काका काय म्हणाले?"

"म्हणाले, हवालदाराच्या बायकोनं सायबाला पाणी नेऊन द्यायचं? मी म्हटलं, चोवीस वर्षं दिलं की घरातल्या सायबाला. तिथं निदान साडेपाचला सुट्टी होईल."

मी हसले पप्पा. ती पण हसली. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा. आणि हसता हसता मला इतकं मोकळं वाटलं, की लगेच स्वतःची लाज वाटली. चोवीस दिवस मी तुम्हाला विचारत होते, काकांना विचारत होते, कदमकाकांना विचारत होते. पप्पांना काय वाटायचं, एवढंच आईलाही विचारलं. तिला काय वाटतं, हे कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. आणि ते मी तुमच्याकडूनच शिकले.

"आई, तुला खरंच करायचंय ना? माझ्यासाठी म्हणून नको."

"तुझ्यासाठी पण आहे. का नसावं? आणि मला पण बघू दे की ऑफिस कसलं असतं. चल, मी अर्ज घेऊन बसले आहे. तू सांग, मी लिहिते. अक्षराला हसशील."

तिनं सावकाश लिहिलं. नाव, पत्ता, जन्मतारीख. दिवंगत कर्मचाऱ्याशी नातं, इथं ती थोडी थांबली, मग लिहिलं. पुढचा रकाना होता कामाच्या पूर्वानुभवाचा. मी काय सांगावं याचा विचार करत होते, तेवढ्यात ती म्हणाली, "झालं, लिहिलं."

"काय लिहिलंस?"

"निरंक."

"हा शब्द तुला कुठून माहीत?"

"तुझे पप्पा रोज फोनवर सायबाला सांगायचे की. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, काही सांगण्यासारखं घडलं नसलं की निरंक म्हणायचं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "खोड ते. खोड आधी. पाच बदल्यांत पाच वेळा घर तू हलवलंस. पोलीस लाइनीतल्या तीन घरांची पोरं तू सांभाळलीस. पप्पा निवडणुकीला महिना महिना बाहेर असायचे तेव्हा आजीचं दुखणं तू काढलंस. मला परीक्षेला चार वाजता तू उठवलंस. हे निरंक आहे?"

"अगं, खाडाखोड केली की अर्ज बाद करतात. हेडक्लार्कनं बजावून सांगितलंय."

"मग दुसरा अर्ज आण."

"एका शब्दासाठी परत एसटीनं जाऊ? राहू दे. पुढं काय लिहायचं ते सांग."

ते तसंच राहिलं, पप्पा. तसाच तो अर्ज आज सकाळी जिल्ह्याला गेला. चोवीस वर्षं, आणि सरकारी कागदावर निरंक. आई म्हणते, त्यात एवढं चिडण्यासारखं काय आहे.

आईनं नोकरी करणं तुम्हाला पटलं नसतं. एवढं सांगायला मला काका नकोत आणि कदमकाकाही नकोत. अंगणवाडीच्या वेळी मी तिथंच बसले होते, माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. कदाचित पुढं कधीतरी मी तुमच्याशी भांडून तुम्हाला पटवलंही असतं. तो माझा हक्क होता आणि तो तुम्ही काढून घेतलात.

हे पत्र मध्येच ठेवून माझ्या अर्जाचा कोरा कागद मी फाडला. मग ना-हरकतीचा कागद लिहिला, माझ्याच शब्दात. मोठ्यानं स्वतःला वाचून दाखवला. बरोबर वाटला तेव्हा सही केली आणि कुरियरनं पाठवला. खाली माझ्या सहीची जागा होती, दोन साक्षीदारांची होती. तुमच्या सहीची नव्हती. नसणारच, मला माहीत होतं. तरी मी कागद उलटून मागची बाजू बघितली.